अक्का, तुला नदीत सोडलं नाही

प्रिय अक्का,

सवतीला पत्र लिहिताना वर काय घालायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही. म्हणून ‘प्रिय’ घातलंय. आवडलं नाही तर सोडून दे.

आजच का लिहायला बसले? गेल्याच्या गेल्या रविवारपासून या घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. वन्सं रुसून चामराजपेटला आपल्या घरी निघून गेल्या. जाताना ‘माझं माहेर संपलं’ असं शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणून गेल्या. आपले हे जेवतात, हात धुतात आणि रेडिओ लावून बसतात. वसू ऑफिसात. उरलीस तू. आणि भांडण तर तुझ्यावरूनच झालंय! म्हटलं, जिच्यावरून झालं तिला तरी सगळं नीट कळू दे.

‘आपले हे’ लिहिताना मलाच हसू आलं. पण दुसरं काय लिहू? माझे म्हटलं तर तुझ्यावर अन्याय, तुझे म्हटलं तर माझ्यावर.

तुझी माझी भेट कधी झाली नाही. तू गेलीस तेव्हा वसू दोन दिवसांची होती. पुढच्या वर्षी मला कोलारहून इथं आणलं. पोरीला बिजवराला द्यावं लागलं म्हणून माझी आई मांडवाच्या एका कोपऱ्यात रडत होती, आणि दुसऱ्या कोपऱ्यात वन्सं माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधत होत्या. बोटाच्या पेराएवढा. त्यावर हात जोडून उभी असलेली एक बाई. डोळे म्हणजे दोन ठिपके, आणि नाक घडवायचं सोनाराच्या राहूनच गेलेलं. वन्संनी मला बजावलं की ही तुझी सवत, हिला जन्मभर गळ्यात वागवायचं, पहिला घास हिला दाखवायचा आणि मगच तोंडात घालायचा. टाक काढलास तर ती तुला सुखानं नांदू देणार नाही. हे शब्द त्यांचे आहेत, अक्का. नीट लक्षात ठेव, कारण पुढं याच बाई काय म्हणाल्या ते सांगणार आहे.

सुरुवातीला मी तुला फार घाबरायची. दूध नासलं तरी तुझंच काम वाटायचं. मग कधीतरी भीती गेली आणि मी तुझ्याशी बोलायला लागले. वसूला पहिला दात आला ते आधी तुला सांगितलं. सासूबाई टाकून बोलल्या की गाऱ्हाणं तुझ्यापुढंच. आता तुझ्याबद्दलचंही एक गाऱ्हाणं ऐकून घे. तुझ्या हातच्या चित्रान्नाची या घरात इतकी तारीफ झालीय की मी आजवर चित्रान्न करायला धजलेले नाही. जाणाऱ्या बाईनं एखादा तरी पदार्थ बिघडवून जावा की नाही?

असो. मुद्द्यावर येते. वसूला स्थळ आलं.

मुलगा निपाणीचा. इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सर्जापूर रोडला त्यानं घरासाठी जागा घेतलीय, नीलगिरीच्या झाडांमधे. तिकडे कोण राहायला जाणार, असं आपल्या ह्यांचं मत पडलं. पण मुलगा चांगला आहे. वसूनं त्याचा फोटो बघितला आणि परत ठेवायला विसरली, त्यावरून मी काय ते ओळखलं.

पितृपक्ष लागायच्या आत बघून होऊ दे, अशी वन्संची घाई. पण वसू पोह्यांच्या बशा घेऊन दोनदा बसलेली, तिसऱ्यांदा बसणार नाही म्हणाली. मग वन्संनी युक्ती काढली. श्रीरंगपट्टण आणि मैसूरची एका दिवसाची सहल असते ना, गाईडसकट, तिच्यात दोन्ही घरांनी जागा धरायच्या. किल्ला बघायचा, देवळं बघायची, आणि मधे मधे एकमेकांना बघून घ्यायचं. युक्ती बरी होती, खोटं कशाला बोलू.

पण आदल्या दिवशी वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, “मी त्यांना सांगितलंय, वसू तुझ्या पोटची म्हणून. तेव्हा तो टाक स्वल्प आत सारून ठेव. आणि श्रीरंगपट्टणच्या संगमावर गेलो की पाण्यात सोडून दे. गुरुजींना विचारलंय मी, वाहत्या पाण्यात दोष नाही.”

मी विचारलं, का? तर म्हणाल्या, इंदिराला फेफरं होतं. फेफरं रक्तातून येतं. कळलं तर पोरीला कोण करून घेईल?

ऐकलंस? ज्यांनी तुला माझ्या गळ्यात बांधलं, त्याच आता तुला बुडवायला निघाल्या होत्या. आणि मी अशी की घासलेली भांडी परत घासत बसले.

तुला फेफरं नव्हतं, अक्का. सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात मला सगळं सांगितलंय. दिवस भरत आले तशी तुझ्या अंगावर सूज चढली, बी.पी. वाढलं, आणि बाळंतपणानंतर त्यातूनच झटके आले. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी तुला कधी साधी घेरी आली नव्हती. पण वन्संनी ते झटके डोळ्यांनी पाहिले. खाटेपाशी त्या एकट्याच होत्या. इतक्या भ्याल्या की डॉक्टरीण काय म्हणाली ते त्यांच्या कानांत शिरलंच नाही, आणि आजही शिरत नाही. त्या वाईट नाहीत गं. वसूवर त्यांचा जीव आहे. पण माणूस भ्यालं म्हणून त्याचं सगळंच ऐकायचं का?

रविवारी भल्या पहाटे मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस निघाली. ड्रायव्हरनं चाकांखाली लिंबं ठेवली, गाईडनं शिट्टी फुंकली. नागराज त्याचं नाव. कन्नडात सांगायचा, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि तिन्ही भाषांत विनोद एकच. वन्संनी सगळ्यांच्या जागा आधीच ठरवलेल्या. निपाणीच्या बाई माझ्या पुढच्या सीटवर, शेजारी त्यांचा मुलगा. वसू माझ्याजवळ. टाक ब्लाउजच्या आत.

रामनगर मागं पडलं तशा त्या बाई वळून वसूकडे बघत मला म्हणाल्या, लेक अगदी तुमच्यावर गेलीय बघा, नाक तर तुमचंच. वन्सं खूश झाल्या. मी हसले. वसूचं नाक तुझं आहे हे या घरात पहिल्या दिवसापासून ऐकत आलेय मी! आणि तू माझ्या छातीशी गप्प. त्या क्षणी तू थोडी बोचायला हवी होतीस, असं मला खरंच वाटलं.

श्रीरंगपट्टणला आधी रंगनाथाचं दर्शन झालं. वन्संनी दोन्ही घरांच्या नावानं अर्चना केली. तिथून नागराज आम्हाला एका मोकळ्या मैदानात घेऊन गेला. नुसतं गवत, मधे दगडी जोत्याचे तुकडे, एक पाटी. तो मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, “इल्लि अरमने इत्तु.” इथं राजवाडा होता. मग दिवाणखाना कुठं, जनाना कुठं, जिना कुठून वर जायचा, सगळं हात करून करून दाखवायला लागला. मंडळी कुरकुरली. बघायला काहीच नाही तर उन्हात उभं कशाला करतोय, असं कुणीसं म्हणालंसुद्धा. आपले हे तर सरळ झाडाखाली जाऊन बसले.

मी मात्र तिथून हलले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. ज्यांचं घर जमीनदोस्त झालं त्यांच्यासाठी एक माणूस रोज उन्हात उभा राहतो आणि इथं कोण राहत होतं ते तीन भाषांत सांगतो. आणि अक्का, तू आमच्या घरात राहिलीस, जेवलीस, पोर दिलीस, आणि तुझं नाव चारचौघांत एका भाषेतसुद्धा कुणी घेत नाही. भिंतीवर तुझा फोटो नाही. तुझ्या पेटीतलं सगळं वाटून टाकलेलं. आपल्या ह्यांनी इतक्या वर्षांत एकदाही माझ्यासमोर ‘इंदिरा’ असं म्हटलेलं नाही. उरलाय तो एवढासा टाक, आणि तोही मीच आज पाण्यात टाकायचा! मला राग आला. फार राग आला. तुझाही आला, तू अशी निमूट कशी गेलीस म्हणून.

मग संगम. पाऊसकाळ चांगला झालेला, कावेरी पायऱ्या चढून वर आलेली. नागराजनं बजावलं की आंघोळीला उतरायचं नाही, पाय धुवायचे आणि अर्ध्या तासात बसमधे यायचं. आपले हे सगळ्यांच्या चपला राखत वर उभे राहिले. वन्संनी माझ्या हातात विड्याची पानं आणि हळदकुंकवाची पुडी दिली, आणि निपाणीच्या बाईंना गोल टोपलीसारख्या नावा दाखवायला पलीकडे घेऊन गेल्या.

मी खाली उतरले. मागोमाग वसू आली. तिला यातलं काही माहीत नसेल, असा माझा समज. पण लोटलेल्या दारातून सगळं ऐकू येतं, आणि ही पोर त्याच दाराबाहेर अभ्यास करत लहानाची मोठी झालीय.

मी दोरा गळ्यातून काढला होता. तू माझ्या तळहातावर होतीस. वसू माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, “आई, एक सांगू? उद्या मला दिवस गेले आणि डॉक्टरांनी विचारलं, तुझ्या आईचं बाळंतपण कसं झालं होतं, तर मी कुणाचं सांगायचं?”

अक्का, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं बघ! मी आपली तुझ्या मानापमानाचा विचार करत होते. आणि ही तुझी पोर, स्वतःवर तुझ्याच जागी झोपायची वेळ आली तर कुणी आपल्या पायांवरची सूज तरी बघेल का, याचा विचार करत होती. तू ज्यानं गेलीस ते सांगितलं नाही, तर तीही त्यानंच जाऊ शकते. इतकं सोपं होतं ते. मी मूठ मिटून घेतली.

मी तिला विचारलं, आणि मुलगा? तो तुला आवडलाय ना? ती म्हणाली, आवडलाय. पण खोटं बोलून नको.

झालं. मी तुला कावेरीच्या पाण्यात एकदा बुडवलं, धुतलं, आणि परत गळ्यात घातलं. पदराच्या वर, ब्लाउजच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. उठून वळते, तर चार पायऱ्या वर निपाणीच्या बाई. हातात तीर्थ भरून न्यायला प्लास्टिकची बाटली. नावांमधे त्यांना रस नव्हता, वन्संना चुकवून त्या पाण्याशी आल्या होत्या. त्यांची नजर थेट टाकावर. त्यांच्या मुलखातही सवतीचा टाक असतो, समजावून सांगायची वेळच आली नाही.

तरीही मी सांगितलं. म्हटलं, “ही वसूची आई, इंदिरा. वसूला मी वाढवलं, जन्म हिनं दिला. बाळंतपणात बी.पी. चढून झटके आले आणि ती गेली. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. आता खरं हे आहे.”

माझा आवाज चढला असणार, कारण पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. वन्सं धावत आल्या आणि मधेच थांबल्या. निपाणीच्या बाई पाण्यापाशी उतरल्या. वाकल्या, बाटली भरली, झाकण घट्ट केलं आणि वर निघून गेल्या.

मोडलं, असंच मी धरून चालले. वसूनंही तसंच धरलं. बसमधे बसताना तिनं माझा हात पकडला तो मैसूर येईपर्यंत सोडला नाही. तिचा तो हात अजून आठवतो, अक्का. तिला तो मुलगा आवडला होता गं. आणि मी तिच्यासमोर तिचं लग्न पाण्यात घालून आले होते. पण परत ती पायरी आली तर मी परत तेच करीन. हे लिहून ठेवते.

सहलीचं एक वाईट असतं. भांडण झालं तरी बस एकच. माणसं तीच, सीटही त्याच. वाटेतल्या निमिषांबेच्या देवळात मागितलेलं क्षणात मिळतं म्हणतात. तिथं वन्संनी डोळे मिटून काय मागितलं देव जाणे, पण माझ्या हातावर प्रसाद घातला नाही. चामुंडीच्या डोंगरावर नागराजनं सगळ्यांना नंदीसमोर एका फोटोसाठी उभं केलं. आम्ही एकाच कुटुंबातले आहोत असं समजून तो ‘क्लोज, क्लोज’ करत राहिला, आणि आम्ही एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तोंडं फिरवून उभ्या. जेवताना मी पहिला घास तुला दाखवला, उघड उघड. पलीकडच्या टेबलावरून निपाणीच्या बाई बघत होत्या.

मॅजेस्टिकला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. सामान काढायची गडबड चाललेली. त्या बाई माझ्यापाशी आल्या. अख्ख्या दुपारभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तुमच्यात नवमी घालतासा काय त्यांची?”

अविधवा नवमीचं विचारत होत्या. पितृपक्षातली, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. मी म्हटलं, घालतो की. दर वर्षी एक सवाष्ण जेवायला बोलावतो तिच्या नावानं.

“मग यंदा मला सांगा,” त्या म्हणाल्या. “लग्नाचं मागनं बघू. आधी त्यांच्या पानावर बसते, मग काय इचारायचं ते इचारते.”

आणि मुलाला हाक मारून रिक्षात बसल्या. हो म्हणाल्या की नाही, तूच सांग. मला तरी कळलेलं नाही.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. वन्संचं म्हणणं, ती बाई जेवायला येत नाही, चौकशीला येतेय. घरात फेफऱ्याची बाई होती हे तोंडानं सांगितलंस, आता पान वाढून पुरावा देणार आहेस का? यंदा नवमी घालायचीच नाही. मी म्हटलं, घालणार. त्या म्हणाल्या, मग मी या घरात पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, सरी, बरं तर. एवढंच बोलले, पण ते त्यांना फार लागलं.

तर परवा नवमी आहे, अक्का. निरोप पाठवलाय, आणि त्या येतायत.

आता आज सकाळचं सांगते आणि आवरतं घेते. सवाष्णीची साडी आणायला चिक्कपेटला निघाले होते. दर वर्षी हिरवीच आणते, सवाष्णीला हिरवी द्यायची म्हणून. ह्यांना म्हटलं, जाऊन येते, हिरवी साडी आणायचीय. उत्तराची अपेक्षा नव्हती. ह्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघत म्हणाले, “इंदिराला हिरवा आवडायचा नाही. जांभळा आवडायचा.”

आणि रेडिओ परत मोठा केला.

मी तशीच दारात उभी राहिले. इतकी वर्षं! इतकी वर्षं तुझ्या नावानं हिरव्या साड्या वाटल्या मी, आणि या माणसाला ठाऊक होतं. समोर बसून बघत होता आणि ठाऊक होतं. चिडू की रडू, कळेना. आणि तू गं? माझ्या गळ्यात राहतेस, रात्रंदिवस, एकदा स्वप्नात येऊन सांगता आलं नाही तुला? दोघंही एका माळेचे मणी तुम्ही.

जांभळी आणलीय. गडद, काठ केशरी. दुकानदार म्हणाला, नवमीला ही नेत नाहीत. मी म्हटलं, आम्ही नेतो.

आता माझा शब्द ऐक. परवा मी निपाणीच्या बाईंना ही साडी देईन आणि पानापाशी उभी राहून ‘इंदिरा’ म्हणून तुझं नाव मोठ्यानं घेईन. ह्यांनाही घ्यायला लावीन, आता त्यांची सुटका नाही. वन्सं आल्या तर त्यांच्यासाठीही पान वाढलेलं असेल, तेवढी मी वाईट नाही. त्या बाई विचारतील त्याचं खरं उत्तर देईन, आणि त्यावर लग्न जमलं तर जमेल. नाही जमलं तर वसूच्या पुढच्या स्थळालाही मी हाच टाक बाहेर काढून बसेन, आणि त्याच्या पुढच्यालाही. आणि वसूच्या बाळंतपणात डॉक्टरांसमोर तिची आई म्हणून मीच बसेन, पण उत्तरं तुझी देईन.

तुझी सवत,
सरोज

ता.क. परवा चित्रान्न मीच करणार आहे. बिघडलं तर बिघडलं.